बिनकामाचा श्वास

माझा दादा अडतीस वर्षं तोंडावर पोट भरतोय असं सांगितलं की लोकांना तो वकील वाटतो, नाहीतर गवई. तो दोन्ही नाही. वकिलाला एका दिवसात लागतं तेवढं बोलणं त्याने वर्षभरातही केलेलं नाही, आणि आंघोळीला गेल्यावर तो गुणगुणायला लागला की मी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडते. तो काच फुंकतो. प्रयोगशाळांत लागतात ते चंबू, वाकड्या नळ्या, नळीच्या पोटात नळी असलेली नाजूक भांडी, हे सगळं तो ज्वाळेवर तापवून, फुंकून घडवतो.

मीही त्याच कारखान्यात आहे, पण भिंतीच्या अलीकडे, बांधणी विभागात. तो करतो, मी कागदात गुंडाळून खोक्यात भरते. मधल्या भिंतीला मोठी खिडकी आहे. नवरा गेल्यावर मी दादाकडे राहायला आले, त्यालाही आता बावीस वर्षं झाली, म्हणजे बावीस वर्षं हा माणूस मला घरातही दिसतो आणि कामावरही. लग्न त्याने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, दोन्ही हात गुंतलेले असतात, माळ घालणार कशाने. एवढा एकच विनोद त्याला येतो, आणि तो त्याने जपून वापरलाय.

हात गुंतलेले असतात हे मात्र खरं. डाव्या हातात नळीचं एक टोक, उजव्यात दुसरं, मध्ये ज्वाळा, आणि दोन्ही हात एकाच चालीने फिरवत राहायचे. एक हात जरा पुढे गेला की काचेला पीळ पडतो. फुंकायला हात मोकळा नसतो, म्हणून एक बारीक रबरी नळी काचेच्या टोकाला जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक दातांत. श्वास घ्यायचा तो नाकाने. आणि काचेला हवा द्यायची ती गालातली, छातीतली कधीच नाही. दादाला ज्या म्हाताऱ्याने शिकवलं, तो पहिले सहा महिने त्याला ज्वाळेजवळ फिरकू देत नव्हता. नुसते गाल फुगवून बसायला लावायचा. छातीत हवा फार असते आणि तिला मोजमाप नसतं, असं त्याचं म्हणणं. गालातली हवा चमच्याने दिल्यासारखी देता येते. दादाचे गाल त्यामुळे कायमचे थोडे सैल पडलेत. लहानपणी त्याच्याकडे पाहून पोरं हसायची नाहीत, आता हसतात.

नोटीस लागली ती एका सोमवारी सकाळी, हजेरीच्या यंत्राशेजारी. हातकामाचा विभाग बंद. भांडी यापुढे यंत्रावर होणार. सहा कारागिरांपैकी एकाला दुरुस्तीच्या खोलीत ठेवणार, कारण गिऱ्हाइकांच्या फुटक्या वस्तू यंत्राला सांधता येत नाहीत. चाळीस दिवसांनी परीक्षा. सहाही जणांनी साहेबांसमोर एकच वस्तू करायची. ज्याची बिनचूक होईल तो राहील, बाकीच्यांचा तोच शेवटचा दिवस.

आणि खाली एक ओळ होती: बांधणी विभागात काही बदल नाही. यंत्राने केलेली काचही गुंडाळावी लागतेच. ती ओळ मी वाचली, मग दादाने वाचली. मला इतकी लाज वाटली की जणू ती मीच लिहिली होती.

सहाही जणांत दादाचा हात सगळ्यांत चांगला. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, फुटून परत येणारा माल मीच मोजते. त्याचा कधी परत येत नाही. तेव्हा ती जागा त्याचीच, असं सगळे धरून चालले होते. लंबू म्हणून त्याचा जोडीदार आहे, तो तर म्हणाला, "आम्ही पाच जण नुसते वरातीला येणार."

चौथ्या दिवशी दादा दात घासताना थांबला. बेसिनची कड धरून उभा. मी म्हटलं, "काय झालं?" तो म्हणाला, "वर चढत नाहीये." श्वास अर्ध्यात येऊन अडकत होता. खांदे कानाला लागले होते, चेहरा पांढराफटक, आणि घशातून बारीक आवाज. दोन-तीन मिनिटांत सुटला. मला ती मिनिटं अजून आठवतात, पण मी तेव्हा काय बोलले माहितीये? "पेस्ट गिळलीस का?" घाबरले की मी मूर्खासारखं बोलते.

मग ते रोज व्हायला लागलं. जिन्यावर, बसच्या रांगेत, भाजी चिरताना. कामावर झालं की हातातली काच बसायची. तापलेली नळी वेळेवर फुंकर मिळाली नाही की आपल्याच वजनाने खाली बसते, ओल्या मोज्यासारखी. मी खिडकीतून पाहायचे. तो बसलेली काच कचऱ्याच्या डब्यात टाकायचा आणि दुसरी घ्यायचा. आठवड्याभरात त्याचा डबा इतर पाच जणांचे मिळून जेवढे भरले नसतील तेवढा भरला. लंबू आता वरातीचं काही बोलेना.

डॉक्टरने छातीवर नळी लावली, फुगा फुगवायला दिला, कागद पाहिला आणि म्हणाला, "छाती चाळिशीतल्या माणसाची आहे, काका. हे मनाचं आहे." बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "मनाला फुप्फुस कशाला लागतं?" मला हसू आलं, त्याला नाही.

इथे मी एक घोडचूक केली. त्या संध्याकाळी, त्याला धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "एवढं काय घेतोस जिवाला लावून? माझ्या पगारात दोघांचं आरामात भागतं." चांगल्या मनाने म्हटलं, देवाशपथ. त्याने ताटावरून हात बाजूला घेतला. "मला दुसरं काही येत नाही, चिमे," तो म्हणाला. चिमी म्हणजे मी, वय वर्षं एकावन्न. "मला दुकानात बसता येणार नाही, गेटवर उभं राहता येणार नाही. मी तिथे नसलो तर मी कोण?" आणि बोलता बोलताच त्याचा श्वास पुन्हा अडकला. तेव्हा मला कळलं की हा पोटाचा प्रश्नच नाही. पोटाचा असता तर परवडला असता.

कारखान्याने दया म्हणून की काय, एक बाई आणली. विशीतली, बुटकी, पायांत पांढरे बूट. 'बदलाला सामोरे जाताना' असं फळ्यावर लिहून तिने सहाही जणांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. बांधणीतल्यांनाही सक्ती होती, म्हणून मी मागच्या रांगेत. कसायाने बकऱ्यासाठी हवापालटाची सोय करावी, असा हा प्रकार, असं मी शेजारणीला म्हटलं आणि तिने मला कोपर मारलं.

बाई म्हणाली, "हातातलं सगळं खाली ठेवा. डोळे मिटा. नाकाने श्वास घ्या, पोट फुगू दे. आता तोंडाने सावकाश, लांब सोडा." सहाही कारागिरांनी नाकाने श्वास घेतला, गाल फुगवले आणि फू, फू, फू असं तीन तुकड्यांत बाहेर टाकला. अख्खी बांधणी हसली. बाई गोंधळली. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा फू, फू, फू. ती दादासमोर येऊन उभी राहिली. "काका, फुंकू नका. नुसता सोडा."

"सोडून कुठे द्यायचा?" दादाने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. अडतीस वर्षांत त्याच्या तोंडातून कामाशिवाय श्वास बाहेर पडलाच नसावा.

बाई चांगली होती, हे मला मान्य करायलाच हवं. ती वैतागली नाही. म्हणाली, "कुठेच नाही. त्याच्याकडून काही करून घ्यायचं नाही. येतोय तो बघायचा, जातोय तो बघायचा. बदल बाहेर व्हायचा तो होईल, तेवढा वेळ तुम्ही श्वासाजवळ बसा." आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला काही करू नका असं सांगितलेलं नाही. मला ते पटलं नाही, पण बुडत्याला काडीचा आधार. परीक्षेला एकवीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागले. सकाळी सहाला त्याला पाटावर बसवायचं, मी समोर. "पोटातून. गाल नाही. पोटातून." तो बिचारा करायचा. दोन श्वास बरे जायचे, तिसऱ्याला गाल फुगायचे. मी ओरडायचे. एखाद्याला ओरडून शांत करण्याचा प्रयोग जगात पहिल्यांदा आमच्याच स्वयंपाकघरात झाला असेल. एकदा तर मी त्याचे दोन्ही गाल चिमटीत धरून ठेवले. पन्नाशी उलटलेली दोन माणसं, एक दुसऱ्याचे गाल धरून बसलेली. शेजारचे बघते तर वेड्यांच्या इस्पितळात फोन गेला असता.

अकराव्या दिवशी जमलं. कसं ते मला ठाऊक नाही. मी थकून गप्प बसले होते, बहुधा म्हणूनच. त्याचं पोट वर आलं, खाली गेलं, ओठ जरासे उघडे, आणि श्वास लांबच लांब निघून गेला, कुठल्याही घाईशिवाय. मग दुसरा. त्याचे खांदे कानांपासून सुटले. मी हलले नाही. दहा मिनिटांनी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "चहा टाक." मी आत जाऊन रडले आणि मग चहा टाकला.

पण पाटावर जमायचं ते कामावर जमेना. बाकावर बसला, काच तापली, की धाप. त्या बाईने सांगून ठेवलं होतं, धाप लागली की आधी हातातलं खाली ठेवायचं, मग श्वास. दादा म्हणाला, "तापलेली काच खाली कुठे ठेवू? ठेवली की गेली." परीक्षेतही तेच होणार. वस्तू मध्येच टाकली तर बाद.

मी म्हटलं, "मग धरूनच कर."

"नळी तोंडात असताना?"

"असू दे नळी. घाबरलास की जिथे असशील तिथे, जसा असशील तसा, पोटातून लांब सोड. मागचापुढचा विचार करायचा नाही. बोल, काय करायचं?"

"पोटातून लांब," तो म्हणाला.

हे मी त्याच्याकडून घोकून घेतलं. जिन्यावर अचानक विचारायचे, बसमध्ये विचारायचे, जेवताना चमचा आपटून त्याला दचकवायचे आणि विचारायचे. शेवटच्या आठवड्यात तर मी नुसती भुवई उडवली तरी त्याचं पोट हलायचं. मला वाटत होतं मी त्याला वाचवतेय. बावीस वर्षं काच बांधणारी बाई मी, काचेला कुठली हवा देतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात तेव्हा काच नव्हतीच, दादा होता.

परीक्षेच्या दिवशी दुरुस्तीच्या खोलीत नाही, रोजच्याच जागी बाकं मांडली होती. वस्तू होती वाफ थंड करायचं भांडं: बाहेर जाड नळी, आत पेन्सिलीएवढ्या नळीचं वेटोळं, आणि वेटोळ्याची दोन्ही टोकं बाहेरच्या नळीला आरपार सांधलेली. सगळी मेख त्या दोन सांध्यांत. साहेब होते आणि बाहेरून आलेले दोघे, गळ्यात ओळखपत्रं. मी खिडकीजवळचं बांधायचं टेबल सकाळीच पटकावलं होतं.

लंबूचं वेटोळं पहिल्याच तासात तडकलं. तो हसत बाहेर आला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. दादा तिसरा. त्याने रंगीत चष्मा लावला, ज्वाळा लहान केली, नळी दातांत धरली. वेटोळं असं उतरलं की बाहेरचे दोघे पुढे वाकले. खरं सांगते, त्याच्याइतकं देखणं काम करताना मी माणूस पाहिलेला नाही. पहिला सांधा झाला. चिमूटभर फुंकर, गालातली, आणि काच काचेला अशी मिळाली की कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते दिसेना. मी हातातला कागद चुरगाळून टाकला होता.

दुसऱ्या सांध्याला काच लाल झाली, मग पिवळी. आणि मला त्याचे खांदे वर जाताना दिसले. आलीच ती धाप. मानेची शीर ताठ झाली. हात फिरत होते, पण श्वास अडकला होता. मी खिडकीच्या काचेपलीकडे होते, त्याला ऐकू आलं नसतं, तरी मी पुटपुटले: पोटातून लांब.

त्याने तेच केलं. शिकवलं होतं तस्संच. पोट आत गेलं आणि अख्खा श्वास, अख्खा माणूस जणू, त्या रबरी नळीतून काचेत गेला. सांध्याच्या जागी फुगा आला, लिंबाएवढा, मग नारळाएवढा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, आणि फुटला. आवाजही झाला नाही. पापुद्रे वर उडाले आणि साहेबांच्या बाहीवर येऊन बसले.

दादाने नळी तोंडातून काढली. गॅस बंद केला. बाक पुसलं, हत्यारं ओळीने लावली, साहेबांच्या बाहीवरचे तुकडे दाखवले आणि म्हणाला, "हात लावू नका, टोचतील." मग चष्मा काढून पेटीत ठेवला.

जागा पाचव्याला मिळाली. त्याचा सांधा जरा जाडा होता, पण अभंग होता.

आम्ही चारच्या बसने घरी आलो. भर उन्हात, मी त्या वेळेला कधी घर पाहिलं नव्हतं. दादा खुर्चीवर बसला, मी उभीच. बूटही काढले नव्हते. मला कळत होतं, बाकीच्यांचं सोडून द्या, आज त्याची काच त्याने फोडली नाही, मी फोडली. बाईने सांगितलं होतं हातातलं खाली ठेवा, आणि ते वाक्य मी गाळलं. का, तर मला घाई होती. का, तर माझी नोकरी राहिली होती आणि ते मला सहन होत नव्हतं.

"मी तुला शिकवलं ते," मी म्हटलं. "माझ्यामुळे गेलं."

त्याने वाकून बुटाची नाडी सोडली.

"दादा, ओरड तरी माझ्यावर."

"कशाला?" तो म्हणाला. मग त्याने आपल्या पोटाकडे पाहिलं. "फुगा आला ना, चिमे, तेव्हा मला कळत होतं काच चाललीय. दिसत होतं. थांबवता आला असता श्वास. मी नाही थांबवला."

"का?"

"बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत कामावर असताना पहिल्यांदा पूर्ण गेला. भीती एकदम उतरली. जाऊ दे म्हटलं."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. अडतीस वर्षं, आणि जाऊ दे म्हटलं. मला तो रडलेला चालला असता, त्याने भांडी फेकलेली चालली असती. पण तो शांत बसला होता, त्या बाईने सांगितलं होतं तसा, अगदी तसाच. आता श्वास पुरत नव्हता तो मला.

"आत्ताही नीट येतोय, बघ," तो म्हणाला. त्याने नाकाने घेतला. पोट वर आलं. ओठ उघडले, आणि लांब, सरळ, कुठेही न अडखळता तो गेला. गाल हललेसुद्धा नाहीत. त्याने आणखी एकदा केलं, मला दाखवायला. मग हात मांडीवर ठेवले, तळवे वर, दोन्ही मोकळे, आणि माझ्याकडे पाहिलं.

"पण आता हा घेऊन मी करू काय?" त्याने विचारलं.

तो खरंच विचारत होता. मी त्याच्याहून लहान, पण घरात उत्तरं द्यायचं काम नेहमी माझंच. मी आत जाऊन माझा डबा घासायला घेतला. सकाळी आठला मला कामावर जायचं होतं, आणि त्याला नव्हतं.